अंगावरून पांढरं जाणं, खाजेची ट्यूब आणि खारं पाणी : वाचकांचे प्रश्न

माह्या आंगावरून पांढरं जाते. सासू म्हणते हाडं झिजून रायली, म्हणून कंबर दुखते अन् थकवा येते. शक्तीची बाटली पेली, फरक नाही. वय २६. (अकोट)

हाडांतून काही झिरपत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट स्राव, योनीमार्गाच्या भिंतींतला ओलावा आणि गळून पडलेल्या पेशी, एवढंच त्या पाण्यात असतं. दिवसाला पाऊण चमचापर्यंत गेलं तरी ठीक. पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरतं, नंतर घट्ट आणि दुधाळ होतं. निकरवर वाळून पिवळट दिसतं, तो डाग पाहून घाबरू नका.

बिघाड ओळखायचा तो असा. दह्याच्या गाठींसारखं आणि सोबत खाज, तर बहुधा बुरशी. पातळ, राखाडी, मासळीसारखा वास, जो संबंधानंतर वाढतो, तर आतल्या जंतूंचा तोल गेलाय. त्याला मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका. हिरवट, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध लागतं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

थकव्याचं कारण वेगळं शोधा. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि त्याला लोहाच्या गोळ्या लागतात. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घ्यावी. कंबर बहुतेक वेळा वावरातल्या निंदणानं दुखते.

धानाच्या रोवणीत आम्ही बाया दिवसभर बांधीतल्या पाण्यात असतो. जांघेत खाज सुटते. मेडिकलमधून ट्यूब आणली की दोन दिवसांत थांबते, सोडली की दुप्पट. सहा महिने झाले. (गोंदिया जिल्हा)

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड. ते सूज दाबतं म्हणून खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट निवांत पसरते. महिनोन्‌महिने लावलं की जांघेची कातडी पातळ होते आणि ताणल्याचे पट्टे कायमचे राहतात. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत कोंबलेली ही खिचडी कुणालाही चिठ्ठीशिवाय मिळते. गावोगावचं गजकर्ण हट्टी होण्यात तिचा मोठा वाटा आहे.

आरसा घेऊन खाज नेमकी कुठे आहे ते बघा. जांघेच्या घडीत, मांडीकडे सरकणारं, कडेला लाल-खवल्यांची किनार आणि मध्ये जरा साफ, तर गजकर्ण. योनीच्या ओठांच्या आत लाली आणि दह्यासारखं पांढरं, तर आतली बुरशी. दोन्हींचा उपचार वेगळा.

गजकर्ण असेल तर ही ट्यूब बंद. काही दिवस खाज उसळेल, आणि नेमकं तेव्हाच सगळे पुन्हा तीच लावतात. फक्त लुलिकोनॅझोल किंवा क्लोट्रिमाझोल असलेलं मलम किनारीच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावा, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. सहा महिने स्टेरॉइड पडल्यावर बहुधा पोटातल्या गोळ्या लागतील. त्या त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्याव्यात. घरात आणखी कुणाला असेल तर उपचार सगळ्यांचा एकदम. ओलं लुगडं घरी पोचताच बदला, जांघ टिपून कोरडी करा. आतले कपडे उलटे करून उन्हात. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणीवरून गरम इस्त्री.

आतली बुरशी असेल तर क्लोट्रिमाझोल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री झोपताना आत सरकवायची. फ्लुकोनाझोल १५० ची पोटातली एकच गोळीही चालते, मात्र गरोदरपणात नाही. वर्षात चारदा झालं तर रक्तातली साखर तपासा.

आमचा खारपाणपट्टा, साबणाला फेस येत नाही. आतून तुरटीच्या पाण्यानं धुते. बाटलीतलं लिक्विड घ्यावं का? (दर्यापूर)

आत काहीच घालू नका. योनीमार्ग मुळात आंबट असतो, पीएच ३.८ ते ४.५. तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल तयार करून बाकीच्यांना दूर ठेवतात. तुरटी त्या भिंतीला सुकवते, बारीक चिरा पडतात. कडुनिंबाचा काढा, लसूण, जंतुनाशकाचे थेंब यांचंही तेच. लिक्विडचे पैसे वाचवा.

जड पाण्यात साबणाची चिकट साय होते आणि ती घड्यांत बसते. मग बाई अजून घासते, अजून आग होते. म्हणून बाहेरही साबण नको. दिवसातून एकदा नुसत्या पाण्यानं, हातानं, पुढून मागे धुवा. ओठांमधल्या घड्या हलकेच साफ करा. शेवटचा तांब्या पिण्याच्या गोड्या पाण्याचा मिळाला तर उत्तम. चरचरत असेल तर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा. तेल लावलेल्या दिवशी निरोध वापरू नका, तेलानं रबर फाटतं.

पाळीचं कापडही खाऱ्या पाण्यात कडक होऊन मांड्या सोलतं. आधी थंड पाण्यात अर्धा तास भिजवा (गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का होतो), मग साबण, शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात. साडीखाली लपवून नाही, उघड्या उन्हात वाळवा. आणि कापसाच्या मुलखात राहून नायलॉनच्या निकरा कशाला?

आई ६३ वर्षांची. रात्री फार खाज, तिथली कातडी पांढरी, कागदासारखी झालीय. शेजारणी कोड म्हणतात. (वणी)

कोडाला सहसा खाज नसते आणि कातडी पातळ होत नाही. हा लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडी पांढरी आणि पातळ करणारा आजार वाटतो, पण डॉक्टरांनी पाहूनच ठरवावं. गंमत अशी, की वर ज्याला शिव्या घातल्या ते क्लोबेटासोलच इथलं खरं औषध आहे. हरभऱ्याएवढं मलम, फक्त पांढऱ्या भागावर : महिनाभर रोज रात्री, पुढचा महिना एकाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते. आधीच संपली तर जास्त लागतंय. खाज गेली तरी दाखवत राहायचं, कारण काही जणींना पुढे तिथे कर्करोग होतो. न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर तुकडा काढून तपासावा लागतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात तपासणी.

तिथली कातडी काळी आहे. गोरं करायचं क्रीम? (नाव नको)

ती काळसरच असते. क्रीम नको.

डॉक्टर न तपासताच गोळ्या देतात. काय करू? (पुसद)

स्पष्ट म्हणा, “तपासून द्या.” बाई डॉक्टर किंवा नर्सताई सोबत मागायचा तुम्हाला हक्क आहे. जायच्या दोन दिवस आधीपासून आत गोळी, मलम काही नको आणि संबंधही नको. पाळी संपल्यावर जा. आदल्या दिवशीची न धुतलेली निकर पिशवीत घालून न्या, लाज वाटू देऊ नका. डागाचा रंग दाखवता येतो. वय तिशीच्या वर असेल तर त्याच टेबलावर गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं आम्ल लावून करतात ती कर्करोगाची तपासणीही मागा, मिनिटभराचं काम आहे.