मातृत्व रजेत दुसरी नोकरी शोधावी का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी धायरीत राहते आणि खराडीतील एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करते. 10 फेब्रुवारीपासून मी मातृत्व रजेवर आहे. 9 मार्चला मुलगी झाली. रजेचे 26 आठवडे 10 ऑगस्टला संपतात, म्हणजे 11 तारखेला मला रुजू व्हायचे आहे. येत्या 31 ऑक्टोबरला या कंपनीत माझी पाच वर्षे पूर्ण होतील. धायरी ते खराडी हा प्रवास जाऊन-येऊन रोज तीन तासांचा आहे आणि तान्ह्या बाळाला घरी ठेवून तो करणे मला आता शक्य वाटत नाही, म्हणून बाणेरच्या एका कंपनीत अर्ज केला. दोन मुलाखती झाल्या. दुसरी मुलाखत ऑनलाइन होती. मुलगी मधेच रडू लागली आणि समोरच्या गृहस्थांनी विचारले, ‘‘बाळाकडे कोण बघणार?’’ मी गडबडून ‘‘सासूबाई’’ असे म्हणाले. आता त्यांना मी 15 जुलैला रुजू व्हायला हवी आहे. जुन्या कंपनीचे कार्यमुक्ती पत्र नंतर दिले तरी चालेल, असे त्यांच्या मनुष्यबळ विभागाने फोनवर सांगितले. आमची नोटीस मात्र 90 दिवसांची आहे. सासूबाई म्हणतात, ‘‘ज्यांचा पगार घरबसल्या खाते आहेस, त्यांनाच सोडून जाणार?’’ एक सहकारी म्हणते की राजीनामा दिला तर रजेचा सगळा पगार परत करावा लागतो. मी काय करावे?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : तुमच्या सासूबाईंच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातला संकोच तिथूनच आला आहे, असे मला वाटते. मातृत्व रजेचा पगार म्हणजे कंपनीने खाऊ घातलेले मीठ नव्हे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेल्या स्त्रीला तो कायद्याने मिळतो: आधी 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, आणि या संहितेतही ती तेवढीच ठेवली आहे. म्हणजे ज्या कामाच्या बळावर हा हक्क मिळतो, ते काम तुम्ही आधीच करून दिलेले आहे. पुढे राजीनामा दिल्यास हा पगार परत घ्यावा, अशी तरतूद कायद्यात नाही. तुमच्या सहकारी बहुधा रुजू होताना मिळालेल्या बोनसविषयी किंवा प्रशिक्षणाच्या कराराविषयी ऐकलेली गोष्ट रजेला लावत आहेत. असा एखादा करार तुम्ही केला असेल, तर नेमणूक पत्र काढून त्यातील मुदत मात्र एकदा पाहून घ्या.

रजेत असताना अर्ज करणे, मुलाखत देणे किंवा नेमणुकीचा देकार स्वीकारणे यांपैकी काहीही गैर नाही, आणि रजेच्या काळात रजेमुळे कामावरून काढणे कायद्याने निषिद्ध आहे. तरीही ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसचा ईमेल यासाठी वापरू नका, आणि नोकरीच्या संकेतस्थळावरील तुमची माहिती सध्याच्या कंपनीला दिसणार नाही अशी सोय करून ठेवा. मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत. कोणाची माहिती अचानक अद्ययावत झाली, हे तिथे चहाच्या आधी कळते.

खरा धोका आहे तो 15 जुलै या तारखेत. मातृत्व रजेचा लाभ चालू असताना स्त्रीने दुसऱ्या आस्थापनेत काम केले, तर तेवढ्या काळाच्या लाभावरील तिचा हक्क जातो, असे कायदाच सांगतो. शिवाय एकाच वेळी दोन्हीकडे नोकरीवर असणे हा बहुतेक नेमणूक पत्रांच्या अटींचा सरळ भंग असतो. हे लपतही नाही, कारण भविष्य निर्वाह निधीचा तुमचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच आहे आणि एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा भरणा त्यात आला की तारखांची सरमिसळ कायमची नोंदली जाते. पुढच्या प्रत्येक नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेला तीच नोंद दिसेल. ‘पत्र नंतर द्या’ असे फोनवर सांगणाऱ्याची तेव्हा बदली झालेली असते, आणि खुलासा तुम्हाला द्यावा लागतो.

आता तुमच्या तारखा कागदावर मांडून पाहा. 11 ऑगस्टला रुजू होऊन तुम्ही त्याच दिवशी राजीनामा दिलात, तर त्या दिवसापासून धरलेली 90 दिवसांची नोटीस 8 नोव्हेंबरला संपते. 31 ऑक्टोबरला तुमची पाच वर्षे पूर्ण होतात, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, हक्क नोटीस संपण्याआधीच पक्का झालेला असतो. मातृत्व रजेचे 26 आठवडे सलग सेवेतच मोजले जातात, त्यामुळे त्याची काळजी नको. ग्रॅच्युइटी ज्या वेतनावर मोजतात ते 40 हजार धरले, तर दरवर्षाचे 15 दिवस आणि महिन्याचे 26 दिवस या हिशेबाने पाच वर्षांचे सुमारे 1 लाख 15 हजार रुपये होतात. पाचव्या वर्षाचे 240 दिवस भरले की पुरे, या मताला मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे खरा. पण तान्हे मूल मांडीवर असताना पुण्यात बसून त्यावर कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात मला अर्थ दिसत नाही. तीन महिने थांबल्याने तो प्रश्नच उरत नाही.

म्हणून बाणेरच्या कंपनीला लेखी कळवा की तुम्ही 10 ऑगस्टपर्यंत मातृत्व रजेवर आहात, नोटीस 90 दिवसांची आहे आणि 9 नोव्हेंबरला रुजू होऊ शकता. रजेचा उल्लेख करणे तुमच्यावर बंधनकारक नाही, परंतु नोव्हेंबर ही तारीख कशी आली, ते सांगितल्याशिवाय पटणार नाही. अर्जात मात्र रजेचा वेगळा रकाना करू नका, कारण नोकरी सलग चालू आहे. त्यांनी घाई केली, तर नोटिशीचे उरलेले दिवस पैसे भरून कमी करण्याची तयारी ते दाखवतील. ती स्वीकारायची असेल, तरी शेवटचा दिवस 31 ऑक्टोबरच्या अलीकडे येऊ देऊ नका. त्यांचे सही केलेले पत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका, हे वेगळे सांगायला नको.

‘‘बाळाकडे कोण बघणार?’’ या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेत, यात कमीपणा वाटून घेऊ नका. हा प्रश्न त्या मुलीच्या वडिलांना त्यांच्या कुठल्याही मुलाखतीत विचारला जाणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नीरा माथुर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आयुर्विमा महामंडळाला उमेदवार स्त्रियांच्या अर्जातील मासिक पाळी आणि गर्भारपणाविषयीचे रकाने काढून टाकायला सांगितले. अर्जातले रकाने गेले, तोंडी प्रश्न राहिले. पुन्हा कोणी विचारले, तर ‘‘घरची व्यवस्था झालेली आहे, तुमच्याकडे कामाच्या वेळा काय आहेत?’’ एवढे म्हणा आणि उत्तर ऐकून घ्या. कारण खरा प्रश्न तुम्ही त्यांना विचारायचा आहे.

धायरीहून बाणेर नकाशावर जवळ दिसते. रस्ता मात्र नवले पूल, वारजे आणि चांदणी चौक यांतून जातो, आणि सकाळी नऊला तो किती वेळ घेतो, हे गाडी काढून दोन दिवस पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. नोव्हेंबरात मुलगी आठ महिन्यांची होईल, उष्टावण होऊन गेलेले असेल, पण अंगावरचे दूध सुटलेले नसेल. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी देणे नव्या कंपनीवरही बंधनकारक आहे. 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय असावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. ‘सोय आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाळणाघर कोणत्या इमारतीत आहे, किती महिन्यांपासूनची मुले घेतात आणि त्यात आज किती मुले आहेत, हे विचारा. शक्य झाल्यास मुलीला कडेवर घेऊन स्वतः पाहून या. आरोग्य विम्यात मुलीचे नाव पहिल्या दिवसापासून असेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या, कारण जुन्या कंपनीचा विमा सामान्यतः शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो.