लिमा ते मांकोरा, बसने जावं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी आणि माझी मैत्रीण पुढच्या वर्षी पेरूला चाललोय. माचू पिचू वगैरे झालं की शेवटचे पाच-सहा दिवस मांकोराला समुद्रावर नुसतं पडून राहायचंय. लिमाहून बसला अठरा-वीस तास लागतात म्हणे, घरचे म्हणतात गप विमानाने जा. आम्हाला बसनेच जायचंय. डोकं फिरलंय का आमचं? आणि मैत्रीण शुद्ध शाकाहारी आहे, तिचं काय करू?

उत्तर : अगं अजिबात फिरलेलं नाही, फक्त सलग जाऊ नका. ११०० किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे, पॅन-अमेरिकन हायवे, एका बाजूला कधीतरी समुद्र दिसतो आणि बाकी वाळवंट, वाळवंट आणि परत वाळवंट, पहिले दोन तास भारी वाटतं मग माणूस सीटवर कुशी बदलत बसतो. त्यापेक्षा लिमाहून रात्रीची बस धरा, आठ-नऊ तासांत त्रुहियो शहर येतं, तिथून टॅक्सीने वांचाको या किनाऱ्यावरच्या गावी जाऊन दोन दिवस टाका. तिथले कोळी अजूनही तोतोरा नावाच्या गवताच्या होडीवर घोड्यावर बसल्यासारखे बसून समुद्रात जातात, आणि परत आले की त्या ओल्या होड्या किनाऱ्यावर ओळीने उभ्या करून वाळत ठेवतात, मला तर मांकोरापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलंय. वाटेवरच चान चान आहे, इंकांच्या आधीच्या चिमू लोकांचं मातीच्या विटांचं शहर, ते चुकवू नका. मग परत रात्रीची बस, की सकाळी मांकोरा.

सीटचं सांगते. सेमी-कामा आणि कामा असे प्रकार असतात, स्पॅनिशमध्ये कामा म्हणजे पलंग आणि रात्रीच्या प्रवासात तीच कामाची, बहुतेक खालच्या मजल्यावर असते, थोडे सोल (तिथलं चलन) जास्त जातात पण पाठ वाचते. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट फोटोला छान, पण काही झालं तर पहिला मार तिथेच, म्हणून मी घेत नाही. एसी इतका गार असतो की काय सांगू, माझा स्वेटर खाली डिकीतल्या सॅकमध्ये आणि मी वर टॉवेल गुंडाळून कुडकुडत, असा एक प्रवास झालाय. सॅकला जो टॅग लावतात त्याचा तुकडा जपून ठेवा, तो दाखवल्यावरच सामान मिळतं. पासपोर्ट-पैशांची छोटी बॅग वरच्या कप्प्यात नको, पायाशी पण नको, मांडीवर. टॉयलेटच्या दारावर 'सोलो उरिनारियो' लिहिलेलं दिसलं तर अर्थ लहान कामापुरतंच, तेव्हा जेवण बेताचं.

लिमात सगळ्या बस एकाच स्टँडवरून सुटत नाहीत हां, बऱ्याच कंपन्यांचं टर्मिनल वेगळं असतं, प्लासा नोर्ते हे मोठं कॉमन टर्मिनल शहराच्या उत्तरेला आहे आणि दक्षिणेकडच्या मिराफ्लोरेस भागात राहत असाल तर ट्रॅफिकमध्ये जीव जातो. तिकिटावरचा पत्ता नीट वाचा.

मांकोरात हायवे हाच गावाचा मेन रोड, बस तिथेच सोडते. सॅक उतरवेपर्यंत मोटोटॅक्सीवाले गराडा घालतात, आपल्या रिक्षेसारखीच तीनचाकी, बसायच्या आधी भाडं ठरवा. निवांत पडायचं असेल तर गावातल्या बीचपेक्षा दक्षिणेला लास पोसितास बरं, गावात रात्री डीजे झोपू देत नाही. गार हम्बोल्ट प्रवाह तिथे पोचायच्या आधीच किनारा सोडतो म्हणून पाणी कोमट, लिमासारखं हुडहुडी भरवणारं नाही. जुलै ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर जवळच्या लोस ओर्गानोसहून बोटीने व्हेल बघता येतात. जानेवारी ते मार्चमध्ये मात्र एल निन्योचं वर्ष आहे का बघा, २०१७ मध्ये पावसाने पिउरा भागाची, म्हणजे मांकोरा ज्यात येतं त्या प्रांताची, पार वाट लावली होती.

आता मैत्रीण. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं की चिकन येतं, कारण त्यांच्या लेखी ते कार्ने नाहीच. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस, चिकन, मासे नको, असं तिन्ही म्हणायचं. लेंतेहास म्हणजे मसूर, भाताबरोबर मिळतात, वरून अंडं नको तर 'सिन वेवो' जोडा.

परत येताना बसने लिमाला उतरून त्याच दिवशी घरची फ्लाइट असं करू नका, मध्ये एक रात्र ठेवाच, नाहीतर घरच्यांचं ऐकून मांकोराजवळच्या तालाराहून विमान घ्या, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे.