भाषा-शंका : सीमेवरचा म्हातारा आणि त्याचा घोडा

प्रश्न : हाँगकाँगच्या ऑफिसात एकाचं प्रमोशन हुकलं, तेव्हा दुसरा त्याला कँटोनीजमध्ये (तिथल्या चिनी बोलीत) इतकंच म्हणाला, 'त्सॉय युङ सत् मा'. शब्दशः अर्थ निघाला 'सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला'. यात धीर देण्यासारखं काय आहे? आणि मी हे कधी वापरू? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : धीर न बोललेल्या अर्ध्या भागात आहे. पूर्ण म्हण आठ अक्षरांची आहे. पुढची चार 'यीन त्सी फेय फुक्', म्हणजे 'हे भाग्यच नाही कशावरून?' ऐकणाऱ्याला ती पाठ असतात, म्हणून बोलणारा मध्येच थांबतो. कथा इ.स.पू. २ऱ्या शतकातल्या 'हुआइनानझी' या ग्रंथातली. घोडा पळाला, काही महिन्यांनी चांगले घोडे घेऊन परतला. घोड्यावरून पडून म्हाताऱ्याच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुढे लढाई झाली आणि लंगडा म्हणून मुलगा वाचला. घोडे आले तेव्हाही म्हातारा हुरळला नव्हता, हे विसरू नका.

शिकणारे अडखळतात ते पहिल्याच अक्षरावर. तेच अक्षर 'ट्रॅफिक जाम'च्या शब्दात 'सक्' (तुंबणे) असं वाचतात. इथे अर्थ 'सीमा', म्हणून 'त्सॉय'. त्स म्हणताना श्वास बाहेर फेका. 'त्सी'त मात्र श्वास नको, 'चाक'मधला च पुरे. 'सत्' आणि 'फुक्'चं शेवटचं व्यंजन तोंडातच अडवायचं. 'मा' खालून वर चढवा. उंच सपाट 'मा' म्हटलंत तर घोड्याऐवजी आई हरवेल! उत्तरार्धाची चारही अक्षरं मात्र उंच सपाट सुरात.

'यीन' आणि 'फेय' हे ग्रांथिक शब्द. बोलताना 'नाही'साठी 'म्' येतो, पण म्हणीत तो घुसवला तर ती मोडते. बोलीचा रंग हवा तर बाहेरून लावा: 'तॉङ-हय त्सॉय युङ सत् मा ला', म्हणजे 'घोडा हरवला असं समज, झालं'.

नोकरी हुकली, विमान चुकलं, सौदा फिसकटला, तिथे चालेल. मृत्यूच्या घरी नको. नुकसान तुमच्यामुळे झालं असेल तर मुळीच नको.

प्रश्न : मग मराठीत 'इष्टापत्ती' लिहू का?

उत्तर : फायदा दिसल्यावर, हो. नुकसान ताजं असताना नाही, कारण 'इष्टापत्ती' निकाल देऊन टाकते आणि म्हण तर अजून विचारतेच आहे. तिथे 'कोणी सांगावं, यातूनच काही बरं निघेल' हे जवळचं.