फवारणीनंतर थ्रिप्स पुन्हा का येतात? किडीच्या संख्येचा हिशोब

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो. पिके वेगळी, तालुके वेगळे, पण तिन्ही ठिकाणी अडचण एकच आहे: आपण किती कीड मारली ते पाहतो, ती किती वेगाने वाढते ते पाहत नाही. कांद्याच्या प्रश्नावर जास्त लिहितो, कारण खर्च आणि नुकसान तिथे सर्वाधिक होताना मी बघतो आहे.

चांदवड तालुक्यातील ताईंचा प्रश्न: उन्हाळ कांद्याच्या लागवडीला ४५ दिवस झाले. थ्रिप्ससाठी (फुलकिडे, पातीतला रस शोषणारी बारीक कीड) दोन फवारण्या केल्या. चार-पाच दिवस पात स्वच्छ राहते, पंधरा दिवसांत पुन्हा तेवढेच थ्रिप्स. औषध बनावट होते का?

ताई, शंका असेल तर पक्के बिल आणि बाटली घेऊन पंचायत समितीच्या कृषी विभागात जरूर या. पण चार-पाच दिवस पात स्वच्छ राहिली असे तुम्हीच लिहिता. म्हणजे औषधाने काम केले आहे.

आता वही-पेन घेऊन बसा. मानू की झाडामागे ४० थ्रिप्स होते आणि फवारणीने ९० टक्के मेले. उरले ४. हवा कोरडी, दुपारचे ऊन चढलेले, आणि दर पाच दिवसांनी संख्या दुप्पट होते असे धरू. पाचव्या दिवशी ८, दहाव्या दिवशी १६, पंधराव्या दिवशी ३२. तुम्ही लिहिलेले पंधरा दिवस हेच. फवारणीचा सगळा खर्च करून आपण जेमतेम तीन दुपटींची मुदत विकत घेतली. आता हीच दुप्पट पाचऐवजी दहा दिवसांनी होऊ लागली तर? औषध तेच, मेलेले तेवढेच, पण ३२ चा आकडा गाठायला महिना लागेल. तोवर कांदा पोसायला लागलेला असतो. सायखेड्याजवळ गोदावरीत पाणवेली पसरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दुपटीचा हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. थोडी आहे म्हणेपर्यंत पात्र झाकून जाते.

हा आकडा चार गोष्टींनी हलतो: जन्म, मृत्यू, बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे. फवारणी फक्त मृत्यूच्या रकान्यात भर घालते, तीही अर्धवट. थ्रिप्सची मादी अंडी पातीच्या आत घालते, तिथे औषध नीट पोहोचत नाही. पिल्ले मधल्या कोवळ्या पातीच्या बेचक्यात दडून रस शोषतात. मोठी झाली की जमिनीत उतरतात आणि काही न खाता कोष अवस्थेत राहतात. फवारणीच्या दिवशी पातीत अंडी आणि मातीत कोष शाबूत असतात. म्हणून वर मांडलेला हिशोबही खरे तर उदार आहे. शिवाय कांद्यावरच्या थ्रिप्सच्या माद्या बहुतेक वेळा नराशिवायच अंडी देतात, त्यामुळे वाचलेली एकेक मादी नव्या पिढीला पुरेशी असते. पुन्हा पुन्हा एकाच गटातले, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणारे, औषध मारले तर वाचणाऱ्या माद्या त्या औषधाला दाद न देणाऱ्याच असतात, आणि पुढची पिढी त्यांचीच. ब्रँड बदलला म्हणजे गट बदलला असे होत नाही, हे दुकानात विचारून घ्या.

बाहेरून येणाऱ्यांचा रकाना आपल्या नाशिक जिल्ह्यात फार मोठा आहे. लाल (खरीप) कांदा निघत असतो तेव्हा रांगडा (उशिराचा खरीप) उभा असतो, रांगडा काढणीला येतो तेव्हा उन्हाळ (रब्बी) भरात असतो. शेजारच्या वावरात पात सुकली की तिथले थ्रिप्स तुमच्या हिरव्या पातीवर येणारच. थ्रिप्सला उपाशी राहण्याची पाळी येत नाही, इतकी सलग शिवारे आपण कांद्याने भरली आहेत. त्यासाठी कडेने मक्याच्या दोन ओळी हव्यात, आणि त्या कांदा लागवडीच्या किमान महिनाभर आधी पेरलेल्या हव्यात. कांदा लावल्यावर पेरलेला मका आडोसा देण्याइतका उंच होईपर्यंत थ्रिप्स आत पोहोचलेले असतात. यंदा तुमची ती वेळ गेली, पण पुढच्या हंगामाच्या नोंदीत हे आत्ताच लिहून ठेवा.

जन्माच्या रकान्यावर युरियाचा हात असतो. पात काळीभोर दिसावी म्हणून जास्तीचा नत्र दिला की ती लुसलुशीत होते आणि थ्रिप्सला तेच हवे असते. दुसरा उपाय पाण्याचा. पाऊस पडला की थ्रिप्स धुऊन जातात, हे तुम्ही पाहिलेच असेल. तुषार सिंचनाने तेच साधते. ठिबक किंवा पाटाच्या पाण्यापेक्षा तुषारवर थ्रिप्स कमी राहतात. मात्र तुषार सकाळीच चालवा. पात रात्रभर ओली राहिली तर करपा रोग येईल.

फवारणी कधी करायची? राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा मापदंड झाडामागे साधारण ३० थ्रिप्सचा आहे. मी त्याला एक जोड देतो. चार दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. वावराच्या चारही कडा आणि मध्य मिळून वीस झाडे घ्या. बोटांनी मधली पात हळूच फाकवा. मानेजवळ पिवळसर, तांदळाच्या कणीहूनही बारीक पिल्ले सरकताना दिसतील. नंतर पात पांढऱ्या कागदावर झटका. झाडामागचा आकडा ८ वरून १० वर गेला असेल तर थांबा. ८ वरून १८ वर गेला असेल तर पुढच्या दुपटीत तो मर्यादा ओलांडणार आहे, फवारणीची तयारी करा. ४० होईपर्यंत वाट पाहणे महागात पडते आणि ५ वर घाबरून पंप उचलणेही. हे दुसरे महागात का पडते, ते पुढच्या प्रश्नात आहे.

दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न: ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) मिलीबग (पिठ्या ढेकूण) आहे. त्यातच मोठ्या, लांब पांढऱ्या झालरीच्या अळ्या दिसतात. हा मिलीबगचा नवा प्रकार आहे का? कोणते औषध घ्यावे?

दादा, कृपा करून फवारू नका! तुम्ही पाठवलेल्या फोटोतली अळी मिलीबग खाणाऱ्या भुंगेऱ्याची, क्रिप्टोलेमसची आहे. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी मिलीबगसारखेच पांढरे मेण अंगावर वागवते, म्हणून फसगत होते. काडीने हलके ढोसून पाहा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, ही अळी चटचट चालू लागते. गेल्या वर्षी एका बागेत मी पोहोचेपर्यंत ब्लोअर (फवारणीचे यंत्र) फिरून गेला होता. खाली पडलेल्या मेलेल्या अळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त या मित्राच्या होत्या. ते पाहून फार वाईट वाटले.

शत्रू आणि मित्र दोघांनाही सारखेच मारले तर फायदा शत्रूचा होतो. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले आढळले. इटलीचे गणिती वीतो व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये त्याचे गणित मांडले. मासेमारी सर्वांनाच पकडते, पण फटका बसतो तो शिकाऱ्याला. मासेमारी थांबली की तो सावरतो. तुमचा ब्लोअर म्हणजे तीच मासेमारी. उरलेल्या मिलीबगला खायला अख्खी वेल आहे, उरलेल्या भुंगेऱ्याला मात्र मिलीबगच सापडत नाही. तो उपाशी राहतो आणि मिलीबग मोकाट वाढतो.

मित्र कीटक नेहमी मागून येतो. आधी खाद्य वाढते, मग खाणारा. मधले दोन-तीन आठवडे जीव वर-खाली होतो, पण तेवढी कळ काढा. तोवर मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मिलीबगने सोडलेल्या गोड चिकट्याच्या लोभाने त्या मिलीबगची राखण करतात. सुटलेली साल काढून बागेबाहेर नष्ट करा. घडांपर्यंत मिलीबग पोहोचला असेल तर लगेच कळवा, तेव्हा सल्ला वेगळा राहील.

निफाड तालुक्यातून: गव्हात विषारी आमिष ठेवून उंदीर मारले, तीन महिन्यांत पुन्हा तेवढेच झाले.

भाऊ, बांध, बिळे आणि दाणे जितक्या उंदरांना पुरतात, तितके उंदीर तिथे होतातच. याला धारणक्षमता म्हणतात. बेल्जियमचे पिएर व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्येच ती गणितात बसवली. गर्दी झाली की वाढ मंदावते आणि गर्दी कमी केली की वाचलेल्यांना दाणे आणि जागा मुबलक मिळते, वाढ पुन्हा वेग घेते. उंदराची मादी तीनेक आठवड्यांत वेते, शिवाय रिकामी बिळे शेजारच्या बांधावरून भरतात. म्हणून बांध साफ ठेवा, सांडलेले धान्य उचला आणि मोहीम गल्लीतल्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात घ्या. संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत, आमिष तेवढ्यांतच टाका. बिळावर काठी खोचून खूण करा, आणि मेलेले उंदीर खोल पुरा, म्हणजे घुबडांच्या पोटात विष जाणार नाही.