रेणूला तार जोडायची कशी?

प्रश्न : एकच रेणू डायोडसारखा वापरता येईल, असे शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच सुचवले होते, असे वाचनात आले. मग अशी उपकरणे अजून बाजारात का दिसत नाहीत? असे रेणू बनवणे अवघड आहे, की अडचण दुसरीच आहे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण वाचलेली कल्पना आरी अविराम आणि मार्क रॅटनर यांनी १९७४ साली मांडली. रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सहज देणारा भाग, दुसऱ्या टोकाला तो सहज घेणारा भाग आणि मध्ये दोघांना अलग ठेवणारा दुवा असेल, तर वीज एका दिशेने सुलभपणे आणि उलट दिशेने कष्टाने वाहील, म्हणजेच रेणू डायोडसारखा वागेल, असे त्यांचे गणित होते. असे रेणू तयार करणे रसायनशास्त्रज्ञांना जमते. खरी अडचण त्यांच्या दोन्ही टोकांना धातू जोडण्याची आहे, आणि त्यामुळेच या क्षेत्रातले निम्मे काम पृष्ठभागांचे आणि पातळ थरांचे आहे.

खालचे टोक त्या मानाने सोपे. सोन्याचा मुलामा दिलेली काचेची पट्टी थायॉलच्या (टोकाला गंधक असलेल्या कार्बन-साखळीच्या रेणूच्या) अल्कोहोलमधील विरळ द्रावणात बुडवली, की रेणूच्या टोकाचा गंधक सोन्याला घट्ट धरतो आणि कार्बनच्या साखळ्या सुमारे ३० अंशांनी कलून एकमेकींना खेटून उभ्या राहतात. बहुतेक जागा काही मिनिटांतच भरते, पण रांगा नीट लागाव्यात म्हणून पट्टी सहसा रात्रभर द्रावणात ठेवतात. सोळा कार्बनांच्या साखळीचा थर जेमतेम २ नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे तो डोळ्यांना दिसणे शक्यच नाही; तरीही धुऊन वाळवलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला, तर तो न पसरता फुगून बसतो आणि त्याची कड पृष्ठभागाशी सुमारे ११० अंशांचा कोन करते. कोन बराच कमी भरला, तर थरात कुठेतरी खोट आहे असे समजावे. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी चाचणी विज्ञानात क्वचितच सापडते.

वरच्या टोकाशी मात्र गाडी अडते. थरावर सोन्याची वाफ बसवायला जावे, तर तिचे अणू थरातल्या बारीक भोकांतून खाली उतरतात, सोन्याला सोने भिडते आणि संशोधक रेणूऐवजी शॉर्ट सर्किट मोजत बसतो. यावर एक चांगला उपाय म्हणजे गॅलियम आणि इंडियम यांचा मिश्रधातू. तो सुमारे १६ अंश सेल्सिअसलाच वितळतो, पण हवेत त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते. त्यामुळे थेंब पृष्ठभागाला टेकवून वर ओढला, की त्याचे निमुळते टोक तयार होते आणि तसेच टिकते. हे मऊ टोक थराला न भोसकता त्यावर अलगद टेकवता येते. दुसरी वाट बिंगच्यान शू आणि नाँगजियान ताओ यांनी २००३ साली दाखवली. सोन्याचे टोक रेणूंच्या द्रावणातच सोन्यावर दाबायचे आणि मागे खेचायचे. संपर्क तुटताना एखादा रेणू फटीत अडकतो. हे हजारो वेळा करून सर्वाधिक वेळा येणारे वाहकतेचे मूल्य त्या रेणूचे मानायचे.

मोजलेली वीज रेणूतूनच गेली, हे कशावरून? साखळीत एकेक कार्बन वाढवत गेले, की प्रवाह दर वेळी साधारण अडीच ते तीन पटींनी घटायला हवा, कारण इलेक्ट्रॉन तिथे टनेलिंगने, म्हणजे एरवी ओलांडता न येणाऱ्या अडथळ्यातून आरपार, पलीकडे जातो. माझ्या मते ही पडताळणी नसलेला कोणताही आकडा मनावर घेऊ नये. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतील यान हेंड्रिक श्योन याने एकरेण्वीय (एकाच रेणूच्या जाडीच्या) थरांच्या ट्रान्झिस्टरबद्दल केलेले दावे २००२ साली चौकशीत बनावट ठरले, तेव्हापासून तर ही सावधगिरी अधिकच गरजेची झाली आहे.

आता बाजाराबद्दल. गंधक सोन्याच्या नेमक्या कोणत्या अणूंवर बसला, यावरही प्रवाह बदलतो. कोट्यवधी एकसारखे भाग लागणाऱ्या चिपसाठी ही गोष्ट घातक आहे. एका रेणूचा हट्ट सोडून थोडा जाड थर घेतला, तर मात्र मार्ग निघतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे रिचर्ड मॅक्क्रीरी यांनी सोन्याऐवजी कार्बनचे संपर्क वापरून टिकाऊ रेणू-जोडण्या बनवल्या, आणि त्या विकल्याही गेल्या: इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये.