अनुभव आहे, पण कागदावर नाही

नोकरीत अनुभव मोठा की शिक्षण, हा प्रश्न कापसाच्या पट्ट्यातली तरुण मुले माझ्याकडे येऊन विचारतात ती बहुधा एखादा अपमान सोसून झाल्यावरच. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटरचे काम करणारा, बारावी नापास असलेला एक तरुण (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) हंगाम संपल्यावर आला आणि म्हणाला, “सर, त्या आयटीआयवाल्या पोराले रोलर बदलाले मीनंच शिकवलं, अन् पगार त्याले जास्त.” काम सोडून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा का, हे त्याला ठरवायचे होते. घरी दोन लेकरे होती आणि शेती कोरडवाहू होती.

त्याच्या मनात नोकऱ्यांच्या दोन वेगळ्या बाजारांची सरमिसळ झाली होती. सरकारी भरतीत किंवा मोठ्या कारखान्यात अर्जांची पहिली चाळणी शैक्षणिक अटीवर होते. आयटीआयची अट असेल तर तिथे पंधरा वर्षांचा कसबी कारागीरही यादीबाहेर जातो, कारण त्याचा हात पाहण्याची वेळच येत नाही. जिनिंगमध्ये मात्र ऐन हंगामात डबल रोलर जिन (सरकी काढणारे यंत्र) बंद पडली की मालक गुणपत्रिका मागत नाही. सुरी आणि रोलर यांच्यातला दाब नेमका जमवणारा माणूस शोधतो. याचा अनुभव असा दुसऱ्या बाजारातला होता आणि त्याचा राग पहिल्या बाजारावर होता.

अधिक बोलल्यावर खरी अडचण कळली. त्याच्याकडे नेमणूकपत्र नव्हते, पगार रोख मिळे आणि हजेरीपटावर इतक्या वर्षांनंतरही त्याची नोंद ‘हेल्पर’ अशीच होती. माझ्या मते आयटीआयच्या अभावापेक्षा याच गोष्टीने त्याचे अधिक नुकसान केले होते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो आणि त्या खात्यात नोकरीला लागल्याची व सोडल्याची तारीख दिसते. पण त्यातून केवळ काळ सिद्ध होतो, कसब नव्हे. म्हणून कोणत्या यंत्रावर, कोणते काम, किती हंगाम केले, हे लिहिलेले पत्र मालकाकडून घेण्यास मी सांगितले. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. तिथल्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची चौकशी बिगरहंगामात करणे त्याला परवडणारे होते. संसार चालवत दोन वर्षे बिनपगारी वर्गात बसणे परवडणारे नव्हते, हे मी त्याला स्पष्टच सांगितले.

मालकाने पत्र दिले, पण त्यातही ‘हेल्पर’च लिहिले. तेव्हा तो मुख्य फिटरला सोबत घेऊन पुन्हा गेला आणि पत्र बदलून आणले. पगार थोडा वाढला. त्या आयटीआयवाल्या मुलाच्या बरोबरीला अजून आलेला नाही.

जाता जाता त्याने विचारले की धाकटा भाऊ यंदा दहावी झाला आहे, त्यालाही आपल्यासोबत जिनिंगला लावावे का. त्याला मी नकार दिला. त्या मुलावर घराचा भार नाही, तालुक्यात आयटीआय आहे आणि जिनिंगचा हंगाम तो सुट्टीतही पाहू शकतो; थोरल्याला महाग पडणारी तीच दोन वर्षे धाकट्याला आज जवळजवळ फुकट आहेत.