कृत्रिम स्नायूंवर चालणारा रोबोटचा हात करायचाय. आधी सिम्युलेशन करू की थेट बनवायला घेऊ?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, हातात वेळ कमी आहे, असं तुम्ही लिहिलंय. तरीही सांगतो: आधी एकच स्नायू बनवा, तो नीट मोजा आणि मगच सिम्युलेशनला बसा. मी पुण्याजवळ भोसरीत न्यूमॅटिक्सचं, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणांचं काम करतो, त्यामुळे माझा कल हाताने करून बघण्याकडे असणारच.

हवेवर चालणारा मॅककिबेन स्नायू 1950 च्या दशकापासूनचा आहे. आत रबरी नळी, वरून विणलेली जाळी. हवा भरली की नळी फुगते, जाळीचे धागे आडवे होत जातात आणि स्नायू आखूड होतो. धाग्यांचा नळीच्या अक्षाशी कोन 54.7 अंश झाला की ओढ संपली. जाळीचा व्यास 10 मिमी, सुरुवातीचा कोन 25 अंश आणि दाब 3 बार धरला, तर सूत्राप्रमाणे सुरुवातीची ओढ 190 न्यूटनच्या आसपास येते. म्हणजे जवळपास 19 किलो वजन! आकुंचन 36 टक्के. पण या सूत्रात नळीला जाडीच नाही आणि घर्षणही नाही. प्रत्यक्षात 25 टक्के आकुंचन मिळालं तरी चांगलं म्हणायचं. त्यात धागे एकमेकांवर घासतात, म्हणून दाब तोच असला तरी हवा भरताना लांबी एक आणि सोडताना दुसरी. हे तुम्ही सांगितल्याशिवाय कुठल्याही सॉफ्टवेअरला कळणार नाही.

सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत शोधा: वायरिंगवर चढवतात ती ब्रेडेड स्लीव्ह. सिलिकॉनची नळी आणि होज क्लिप हार्डवेअरच्या दुकानात बघा. स्नायू उभा टांगा, खाली वजन लावा, 1, 2, 3 बारला लांबी लिहा. दाब चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा. डोळ्यांवर गॉगल हवाच, क्लिप निसटली तर गोळीसारखी येते.

आता सिम्युलेशन. मुजोको हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घ्या, 2022 पासून ते ओपन सोर्स आहे. त्यातला तयार ‘मसल’ मात्र नको. तो खऱ्या स्नायूवर बेतलाय, त्याची ताकद मधल्या लांबीला सर्वात जास्त. आपल्याकडे पूर्ण लांबीला जास्त, आणि आखूड होत जाईल तशी कमी. म्हणून टेंडन, म्हणजे स्नायूपासून बोटापर्यंत जाणारी दोरी घ्या आणि प्रत्येक स्टेपला तुमच्या मोजमापांच्या तक्त्यातलं बल पायथनमधून द्या. हवा भरायला लागणारा वेळही धरा, नाहीतर स्क्रीनवर बोटं फारच चपळ दिसतील.

खरा फायदा दोरीच्या वाटेत आहे. बोट मिटताना सांध्यापासून दोरीचं अंतर बदलतं, त्याबरोबर टॉर्कही, म्हणजे सांधा फिरवणारा जोर. दोरी जाते ते भोक 2 मिमी सरकवून काय होतं हे मुजोकोत लगेच कळतं. दरवेळी थ्रीडी प्रिंट काढत बसलात तर सेमिस्टर संपेल. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, म्हणून उघडायला समोरून दुसरा स्नायू किंवा स्प्रिंग लागेल. पहिल्या हाताला मी स्प्रिंगच लावेन.

नायटिनॉलच्या, म्हणजे तापवली की आखडणाऱ्या मिश्रधातूच्या तारेचं विचारलंत, तर ती साधारण 4 टक्केच आखडते आणि थंड व्हायला वेळ घेते. बोटांसाठी नकोच.